स्वयंसेवक क्रमांक एक

१४ जानेवारी

नाताळात मम्माने ही वही दिली तेव्हा म्हणाली, "जे काय बडबडायचंय ते हिच्यात बडबड, माझं डोकं तरी वाचेल." तर घ्या, बडबडते.

या सहामाहीत डॉ. तेरियोंच्या वर्गात दोघादोघांनी मिळून संशोधनाचा प्रकल्प करायचा आहे. मार्चच्या शेवटी मोठ्या हॉलमध्ये पोस्टरं लागणार, आणि पहिल्या आलेल्या पोस्टरवाल्याला उन्हाळाभर बाईंच्या श्वसनाच्या प्रयोगशाळेत जागा. जागा एकच. मानवी आरोग्यशास्त्राची पदवी घेतलेले लोक ढिगाने पडलेत. ज्यांच्या मागे अशी प्रयोगशाळा आहे त्यांनाच पुढे कुणी विचारतं. मला ती जागा हवी आहे. 

माझी जोडीदार अर्थातच कारीन. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आम्ही एका बाकावर, दुसऱ्या वर्षापासून एका घरात. शहरातली, दंतवैद्याची मुलगी, केस कधी विस्कटलेले दिसणार नाहीत. मी खेकड्यांच्या कारखान्याच्या गावची, म्हणून मला 'खेकडीण' म्हणते, पण प्रेमाने. जागा मिळाली तर कुणी घ्यायची, असं मी विचारलं तर म्हणाली, "तूच घे गं. मला कुठे खेकडे सोलायला जायचंय उन्हाळ्यात?"

अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं.

१७ जानेवारी

विषय माझाच. म्हणजे मम्माचा.

मागच्या मे महिन्यात घरी जाताना वर्गात मिळालेलं फुंकायचं मीटर बरोबर नेलं होतं. साधी प्लॅस्टिकची नळी, जोरात फुंकलं की श्वासाच्या जोराइतका काटा पुढे सरकतो. मम्मा आमच्या खाडीवरच्या कारखान्यात सत्तावीस मोसम खेकडे उकडते, वाफेच्या टाकीच्या अगदी शेजारी. रविवारी सकाळी तिला गंमत म्हणून फुंकायला लावलं. तीनशे ऐंशी. सोमवारी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा दोनशे चाळीस! मला वाटलं मीटर बिघडलं. मी फुंकलं, तर माझे साडेचारशे होते तसेच.

तेव्हा ती न्हाणीघरात गेली आणि टॉवेलच्या घडीतून दम्याचा निळा पंप काढून माझ्यापुढे धरला. तीन वर्षं घेत होती, जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून, काचा वर करून. "कुणाला बोलायचं नाही हां, जोझी," म्हणाली. "बेर्नादेतला दम लागतो हे कारखान्यात कळलं, तर तपासणी होईपर्यंत घरी बस म्हणाले. ती बसली ती बसलीच." बेर्नादेत म्हणजे तिची मावसबहीण. मोसमाचे तास भरले तर हिवाळाभर सरकारी भत्ता, नाही भरले तर बोंबला. पपा देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात कामाला गेले ते तिकडचेच झाले, त्यामुळे घरात तास भरणारी ती एकटीच.

मी म्हटलं, मी कशाला कुणाला सांगते? मग सहा आठवडे रोज दोनदा माझ्यासाठी फुंकली बिचारी. कॅलेंडरवर आकडे मांडत होती, पेन्सिलीने, बारीक अक्षरात.

मी ते नोंदवहीत उतरवून आणलेत. ते आकडे म्हणजे सोनं आहे. कारीनला दाखवले तर तिचे डोळेच विस्फारले. कामाच्या दिवशी खाली, सुट्टीच्या दिवशी वर, करवतीच्या दात्यांसारखे. आणि नाव कुठे देतोय आपण? पोस्टरवर 'स्वयंसेवक क्रमांक एक'. संपलं.

२३ जानेवारी

संमतीच्या फॉर्मवरून थोडी कटकट. कारीन विचारत होती, "आईला विचारलंस ना नक्की?"

मी म्हटलं, "माझी आई आहे ती. विचारायचं काय त्यात?"

"तसं नाही, फॉर्मवर सही लागते."

"तोंडी संमतीचा चौकोन आहे ना? त्याच्यावर खूण कर." मागच्या मे महिन्यात फुंकली ती काय संमतीशिवाय?

मग म्हणाली, गावाचं नाव काढू या, कारखान्याचंही काढू या. मला नाही आवडलं. गाव काढलं तर उरतं काय, कुणीतरी एक बाई कुठेतरी काहीतरी उकडते! पण तिने काढलंच. ही शहरातली माणसं फार घाबरट.

२ फेब्रुवारी

तुलनेसाठी वर्गातल्या बावीस जणांच्या फुंका घ्यायच्या होत्या. दोन दिवस माझी शरीररचनेची फेरपरीक्षा, नंतर बर्फाच्या वादळात बस बंद, मग सर्दी. सगळ्या बावीस जणांना कारीनने एकटीने गाठलं, तक्तेही तिनेच केले. मला फार वाईट वाटलं, म्हणून पातेलंभर फ्रिको करून घातला, कोंबडी आणि बटाटे घालून, मम्मा करते तसा. दोन वाडगे खाल्ले तिने. म्हणाली, "तू नुसता स्वयंपाकच कर, बाकी माझ्यावर सोड."

१६ फेब्रुवारी

पोस्टर नाकारलं.

कारीन बाईंकडून आली ती चेहरा पाडूनच. एकाच बाईच्या आकड्यांवर पोस्टर होत नाही म्हणाल्या म्हणे. मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसून रडले. सहा आठवडे, दोनदा रोज! कारीनने मला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, "जाऊ दे गं, डोक्याचा ताप गेला," म्हणाली. मी बाईंना भेटून येते म्हटलं तर नको म्हणाली, चिडल्यात त्या, उगाच मार्क जातील. नोंदवही तिच्याकडेच ठेवून घेतली. मार्कांपुरतं छोटंसं काहीतरी ती जमवणार आहे, माझं नाव घालून.

किती करते माझ्यासाठी. माझ्या जागी दुसरी असती तर हिचे पाय धुऊन पाणी प्यायली असती.

३ मार्च

मम्माचा फोन. खाडीत अजून बर्फ आहे, होड्या रंगवून तयार आहेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोसम सुरू होईल असं म्हणतात. मध्येच खोकली. मग एकदम विचारलं, "ते आकडे टाकून दिलेस ना गं?"

मी म्हटलं, "हो, कधीच."

खोटंच, पण पोस्टर तर झालंच नाही. मग काय फरक पडतो?

२२ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर कुणाला लागलं नाही तरी चालेल, वाचणार तरी कोण आहे.

पोस्टरच्या दिवशी मी हॉलकडे फिरकणारही नव्हते. फुकट सँडविच असतात म्हणून गेले. तिसऱ्या रांगेत गर्दी होती, आत डोकावले, तर समोर मम्माची करवत. तेच दाते, रविवारी वर, सोमवारी खाली. मोठ्या निळ्या रेघेत, माणसाच्या उंचीची. 'स्वयंसेवक क्रमांक एक, स्त्री, वय ५४.' वर एकच नाव: कारीन मेलांसों. बाजूला पहिल्या क्रमांकाची लाल फीत.

आणि कारीन स्वतः उभी, केस नीट, हातात काठी घेऊन लोकांना समजावून सांगतेय. "या बाईंनी फार चिकाटीने नोंदी ठेवल्या," म्हणाली. या बाई! माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या माझ्या आईला 'या बाई' म्हणतेय!

मला बघितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "नाकारलं होतं ना?" सगळे वळून बघायला लागले. ती म्हणाली, "जोझी, इथे नको." मी तिथेच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सँडविच हातातच राहिलं होतं.

२३ मार्च

घरी भांडण. सगळं लिहून ठेवते, म्हणजे नंतर तिने शब्द फिरवायला नको.

कारीन: "काम कुणी केलं? बावीस जणांमागे कोण धावलं? तक्ते, लिखाण, छपाई? तू आकड्यांची वही आणलीस आणि मला फ्रिको खायला घातलास."

मी: "मग तसं तोंडावर सांगायचंस. खोटं कशाला बोललीस? मला जवळ घेतलंस तू त्या दिवशी! मी रडत होते आणि तू माझ्या केसांवरून हात फिरवत होतीस!"

कारीन: "जागा एकच होती." मग रडायला लागली. "डॅडी म्हणालेत, या वर्षी काही जमलं नाही तर त्यांच्या दवाखान्यात बस फोन उचलायला."

मी: "मग बस ना! आरामात बस!"

कारीन: "निदान तुझ्या आईचं नाव मी कुठे येऊ दिलं नाही. तू असतीस तर गावासकट छापलं असतंस."

नीच. चोर ती चोर, वर शिरजोर. मी माझ्या खोलीतला दिवा घालवून बसले होते, तर दाराशी येऊन विचारते, "जेवलीस का?" अडीच वर्षं हिच्या बाजूला बसले. परीक्षेआधी हिला उलट्या व्हायच्या तेव्हा हिचे केस मी धरलेत. 

२५ मार्च

डॉ. तेरियोंना भेटले. पोस्टर त्यांनी कधी नाकारलंच नव्हतं. 'छान आहे, पुढे जा' म्हणाल्या होत्या. कारीनने त्यांना सांगितलं होतं की मला या विषयात रस उरला नाही!

बाई म्हणाल्या, "आरोप गंभीर आहे. समितीकडे लेखी दे. पण आकडे तुझेच हे कशावरून? तिच्याकडे वही आहे, तुझ्याकडे काय?"

मी म्हटलं, "माझ्याकडे ती बाई आहे."

बाईंनी चष्मा काढला. "जोझियान, नाव घातल्याशिवाय सिद्ध करता येईल का ते बघ. सहभागी माणसाला यात ओढण्याआधी नीट विचार कर. शक्यतो तिच्याशी बोल."

बोलायचं काय. कारीनने जे लपवलं तेच मी उघड केलं की तिचं पितळ उघडं पडेल. बाईंनासुद्धा कारीनचाच कळवळा आलाय की काय कोण जाणे.

२७ मार्च

तक्रार दिली. चार पानी. एकही वाक्य मोघम ठेवलं नाही. स्वयंसेवक क्रमांक एक म्हणजे माझी आई फेर्नांद आशे, अमुक गाव, अमुक कारखाना, वाफेच्या टाकीवर सत्तावीस मोसम, तीन वर्षं निळा पंप. मूळ नोंदी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहेत. हवं तर विचारा तिला! शेवटी एक रकाना होता, सहभागी व्यक्तीशी दिवसा कुठे संपर्क करावा. मोसम सुरू झाला की दिवसा घरी असतं कोण? कारखान्याच्या कचेरीचा नंबर दिला. आमच्याकडे सगळेच देतात, शाळा असो की दवाखाना. कचेरीतून हाक मारून बोलावतात.

पाकीट पेटीत टाकल्यावर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मम्माला कळवायला हवं होतं का? पण तिला उगाच काळजी. निकाल लागला की एकदमच सांगेन, पहिल्या क्रमांकाच्या फितीसकट.

९ एप्रिल

होड्या निघाल्या. मम्मा कामावर. फोनवर आवाज घोगरा झाला होता, पण होती खुशीत. या वर्षी खेकडा मोठा आहे म्हणाली, तासांची कमी पडणार नाही. "तुझं कसं चाललंय?" मी म्हटलं, एक आनंदाची बातमी येऊ घातलीय. "कुणी मुलगा आहे का?" म्हणाली आणि हसता हसता खोकली.

कारीन सामान घेऊन आईवडिलांकडे गेली. तिची अर्धी कपाटं रिकामी बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिचा निळा कप विसरलीय. मी तो धुवून ठेवला आणि मग स्वतःचाच राग आला.

१७ एप्रिल

जिंकले!

समितीचं पत्र. पोस्टरवर माझं नाव पहिलं. कारीनचा क्रमांक रद्द, प्रयोगशाळेतली जागा मला. फक्त एक अट: सहभागी व्यक्तीची लेखी संमती आता घ्यायची, कारण 'तोंडी संमती' पुरेशी मानता येत नाही. संशोधनातली नीतिमत्ता बघणाऱ्या, एथिक्सच्या बाई तिच्याशी फोनवर बोलणार आहेत, फॉर्म मी स्वतः नेऊन सही आणायची. एवढंच! सहीला काय लागतं?

मम्माला तीनदा फोन केला. उचलला नाही. थकून झोपली असेल.

१८ एप्रिल

सकाळी बेर्नादेतमावशीचा फोन. ती कधी मला फोन करत नाही.

"काय केलंस गं तू?" हे पहिलं वाक्य.

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. सोमवारी कचेरीत फोन आला. विद्यापीठातून बोलतोय, फेर्नांद आशे यांच्या श्वासाच्या नोंदींच्या अभ्यासाबद्दल बोलायचंय. कचेरीतल्या माणसाने बिचाऱ्याने इमानाने चिठ्ठी लिहिली आणि हजेरीच्या यंत्राशेजारी लावली, सगळ्यांचे निरोप लावतात तशी. पाळी सुटायच्या वेळेला अख्ख्या कारखान्याने वाचली. मॅनेजरने तिला आत बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. "फेर्नांद, तुझ्या जिवापेक्षा काम मोठं नाही," म्हणाले. "आधी छातीची तपासणी करून ये, मग बघू." तपासणीची तारीख मिळालीय जुलैच्या अकराला. मोसम जूनअखेर संपतो.

"तिने तीन वर्षं गाडीत काचा वर करून काढली," बेर्नादेतमावशी म्हणाली. "मला, सख्ख्या मावसबहिणीला, कधी पत्ता लागू दिला नाही. तुला सांगितलं होतं तिने. तुला एकटीला."

मी म्हटलं, "कारीनमुळे झालं हे सगळं."

मावशी म्हणाली, "ही कारीन कोण?" आणि फोन ठेवला.

१९ एप्रिल

कारीनने खोटेपणा केला नसता तर मला तक्रार करावीच लागली नसती. हे मी दहा वेळा मनात घोळवलं. अकराव्या वेळेला ते वाक्य पुरं होईना. वर्गात गेले नाही. उद्या घरी जाते. फॉर्म पिशवीत घेतलाय. का घेतलाय ते माहीत नाही. सही नाही आणली तर जागा जाईल, हे माहीत आहे म्हणूनच घेतलाय. लिहायचंच तर खरं लिहावं.

२० एप्रिल

कामाच्या दिवशी, भर दुपारी मम्मा घरात. हे दृश्य एप्रिलमध्ये मी जन्मात पाहिलं नव्हतं. टेबलाशी बसून बटाटे सोलत होती, एकटीसाठी जरा जास्तच. दाराशी तिचे रबरी बूट, कोरडे, धुतलेले. सगळी माणसं कामावर, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी गळ्यात पडायला गेले तर तिच्या हातात सुरी होती. तिने ती बाजूला ठेवली नाही.

"बस," म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पोस्टर, लाल फीत, खोटं, केसांवरून फिरवलेला हात, सगळं. मध्ये रडलेही. तिने एका शब्दाने अडवलं नाही. बटाटा संपला की दुसरा घ्यायची. माझं संपल्यावर तिने विचारलं,

"त्या पोरीने माझं नाव लिहिलं होतं?"

"नाही."

"गावाचं?"

"नाही."

"कारखान्याचं?"

"नाही गं, पण तिने माझं…"

"मी तुझं विचारत नाहीये."

  खाडीवरून उकडीचा वास येत होता, उघड्या खिडकीतून, आणि तिला दोनदा खोकला आला. उठून खिडकी लावावी असं मला वाटलं, पण तिच्या घरात आपण पाहुणी असल्यासारखं झालं आणि मी बसूनच राहिले.

"मम्मा, तिने चोरी केली माझी," मी म्हटलं. 

"तुझं काय चोरलं?" मम्मा म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "फुंकत होते मी. कामावरून आल्यावर, पाय मोडायला आलेले असताना. पोरगी शिकतेय, तिला लागतंय, म्हणून. मी तुला विचारलं, टाकून दिलेस ना? हो म्हणालीस."

"चुकलं माझं."

"हो."

 'जाऊ दे' म्हणेल असं वाटलं होतं. लहानपणी मी होडीचं वल्हं हरवलं होतं तेव्हा म्हणाली होती, शाळेतून काढून टाकलं होतं तेव्हासुद्धा म्हणाली होती. वाट बघत राहिले.

मग तिने हात पुसले. "फॉर्म आणलायस ना? त्या बाई फोनवर म्हणाल्या, मुलीजवळ फॉर्म पाठवतो."

मी म्हटलं, "आत्ता नको. नंतर कधीतरी."

"दे."

चष्मा लावून तिने दोन्ही पानं वाचली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत. शेवटी दोन चौकोन होते. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली, "यावर खूण केली की ती जागा तुझी?"

"हो."

"आणि हा दुसरा?"

 "माघार. मग ते आकडे कुणालाच वापरता येणार नाहीत. कारीनलाही नाही आणि मलाही नाही."

"कारण सांगावं लागतं?"

"नाही. सहभागी व्यक्तीला कारण सांगायची गरज नसते."

तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, फेर्नांद मारी आशे, बारीक अक्षरात, तारीख घातली, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग पुढचा बटाटा घेतला आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.